सरासरी ठेवा बाजूला, वहीत लिहा फक्त अधिक-उणे



कंट्रोल चार्ट हा विषय व्हिडिओत दहा मिनिटांत उरकावा लागतो. पण या विषयावर माझं एक ठाम मत आहे आणि ते नीट मांडायला थोडी जागा लागते, म्हणून इथे लिहितोय.

मत असं: घरगुती किंवा छोट्या युनिटवाल्याने कंट्रोल चार्ट पहिल्या महिन्यापासून ठेवायलाच हवा. पण पुस्तकात पहिल्या पानावर असतो तो नाही. सरासरी, सिग्मा आणि घंटेच्या आकाराचा तो बेल कर्व्ह नंतर शिका. सुरुवात करा नॉनपॅरामेट्रिक चार्टने. नाव ऐकून घाबरू नका. यात पाचवीतल्या मुलाला येईल एवढंच गणित आहे: वर किती, खाली किती, मोजा.

आधी पैशाचं बोलू

समजा ताई, तुम्ही थालीपीठ भाजणीची २०० ग्रॅमची पाकिटं भरता. रोज २०० पाकिटं. कमी भरलं तर गिऱ्हाईक बोलणार, वजनमापवाले पकडणार, या धास्तीने हात थोडा सैल सुटतो. पाकिटामागे फक्त ६ ग्रॅम जास्त जातात. रोजचे झाले १२०० ग्रॅम. भाजणी तुम्हाला २०० रुपये किलोने पडत असेल तर दिवसाला २४० रुपये, महिन्याच्या २५ दिवसांत ६,००० रुपये, वर्षाला ७२,००० रुपये. याचं बिल कधी येत नाही, म्हणून ते दिसतही नाही. हँड सीलर घ्यायला पैसे नाहीत म्हणणारे आपणच हे पैसे पाकिटात भरून फुकट वाटत असतो.

म्हणजे प्रश्न खरा आहे: हात सैल सुटायला लागलाय हे *वेळेवर* कळणार कसं?

शूहार्ट यांची देणगी आणि तिची अट

१९२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं. त्यात एक साधा आलेख होता. मध्ये एक रेषा, वर-खाली दोन मर्यादा. मर्यादेच्या आत जे हलतं ते रोजचं, त्यामागे धावू नका. बाहेर गेलं तर थांबा आणि कारण शोधा. आधुनिक क्वालिटी कंट्रोल या टिपणापासून सुरू झालं. १९४७-४८ मध्ये शूहार्ट भारतातही येऊन गेले.

या मर्यादा सरासरीपासून ३ सिग्मावर आखतात. तुमचे आकडे बेल कर्व्हप्रमाणे पसरलेले असतील, तर सगळं सुरळीत असताना मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ०.२७ टक्के, म्हणजे ३७० नोंदींमागे एक खोटी घंटा.

पण आपल्या धंद्यातले आकडे असे वागतात का? हाताने भरलेली पाकिटं बघा. कमीच्या बाजूला भीती असते, म्हणून तिकडे फारशी जात नाहीत. जास्तीच्या बाजूला मात्र अधूनमधून एखादं २१२ ग्रॅमचं निघतं. डबा पोचवायची वेळ बघा. बहुतेक डबे अर्ध्या तासात, पण पाऊस आला, लिफ्ट बंद पडली की सव्वा तास. उलट बाजूला मात्र कोणताही डबा शून्य मिनिटाच्या आत पोचत नाही! म्हणजे आलेख एका बाजूला झुकलेला, लांब शेपटीचा.

अशा झुकलेल्या आकड्यांचं पुस्तकी रूप म्हणजे एक्स्पोनेन्शियल वितरण. तिथे एकेक नोंद घेऊन तीच ३ सिग्माची रेषा आखली, तर ती ओलांडण्याची शक्यता होते १.८ टक्के. ३७० मागे एक राहिलं बाजूला, दर ५५ नोंदींमागे एक खोटी घंटा! चार-पाच नोंदींची सरासरी घेतली तर हा दोष कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

खोटी घंटा महाग का पडते?

मोठ्या कारखान्यात खोटी घंटा वाजली तर इंजिनीअर येऊन बघतो. आपल्याकडे काय होतं? मालक ओरडतो, मदतनीस बिचकतो आणि पुढची पाकिटं घाबरून हलकी भरली जातात. मग कमी पडलं म्हणून पुन्हा जड.

डेमिंग यांनी हीच गोष्ट नरसाळ्याच्या प्रयोगातून दाखवली. नरसाळ्यातून गोटी सोडायची आणि ती निशाण्यापासून जेवढी चुकेल, तेवढं नरसाळं प्रत्येक वेळी उलट्या बाजूला सरकवायचं. वाटतं की आपण सुधारतोय, पण पसारा वाढतो. गणिताने व्हेरियन्स दुप्पट होतो. आधी पाकिटं साधारण २ ग्रॅमने इकडेतिकडे होत असतील, तर या 'सुधारणेने' ती २.८ ग्रॅमने होतील. विनाकारण ढवळाढवळ ही आळसाइतकीच नुकसानीची.

मग अधिक-उणे कसं वापरायचं?

आता कामाचं. वही, पेन आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा एवढंच लागतं. पूर्ण ग्रॅमच दाखवणारा काटा असेल तर बरीच पाकिटं नेमक्या एकाच आकड्यावर येतात आणि वर-खाली ठरवता येत नाही.

१. काम नीट चाललेलं असताना ५१ पाकिटं तोला. वजनं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहा. २६ वं वजन तुमचा मध्य. समजा तो २०३ ग्रॅम आला. हा मध्य धंद्याला परवडतो का ते आधी बघा. नसेल तर भरण्याची पद्धत बदला आणि पुन्हा ५१ तोला.

२. रोज दिवसभरातून विखरून १० पाकिटं उचला. एकदम सलग १० नकोत. प्रत्येकाचं वजन लिहा. मध्याच्या वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. नेमकं मध्यावर आलं तर ते सोडून पुढचं घ्या.

३. दिवसाच्या शेवटी फक्त अधिक किती ते आलेखावर टिंब देऊन मांडा. ० ते १० एवढीच उंची.

आता यातली गंमत बघा. काहीही बिघडलेलं नसेल तर पाकीट मध्याच्या वर की खाली, हा नाणेफेकीसारखा प्रकार. १० च्या १० एकाच बाजूला पडण्याची शक्यता १०२४ मध्ये २, म्हणजे ५१२ मध्ये १. रोज एक नोंद धरली तर साधारण पावणेदोन वर्षांत एकदा खोटी घंटा. आणि हे खरं ठरायला आकडे बेल कर्व्हसारखे असायची गरजच नाही. झुकलेले असोत, शेपटीवाले असोत, नाण्याला दोनच बाजू. नॉनपॅरामेट्रिक म्हणजे एवढंच: आकड्यांचा आकार गृहीत न धरता चालणारी रीत.

नियम तीन ठेवा:

- अधिक १० किंवा ० आले: थांबा, कारण शोधा.
- ९ किंवा १ आला: वहीत खूण करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टोकाला गेलं तर थांबा.
- सलग ७ दिवस आकडा ५ च्या वरच किंवा सलग ७ दिवस खालीच: थांबा. नुसत्या योगायोगाने असं व्हायची शक्यता साधारण साडेचारशेत एक.

तिन्ही नियम एकत्र धरले की खोटी घंटा एकट्या पहिल्या नियमापेक्षा थोडी लवकर वाजणार, हे धरून चला.

कारण शोधायचं म्हणजे माणसाला धरायचं नाही. काट्याचं शून्य बघा. नवीन मदतनीस आहे का? मापाचा डाव बदलला का? दळण बारीक आलंय का? मापाने भरत असाल तर दळणाच्या जाडीप्रमाणे त्याच मापात मावणारं वजन बदलतं. सापडलेलं कारण टिंबाशेजारी लिहा. सहा महिन्यांनी ही वही तुमच्या युनिटची कुंडली होते.

ही रीत कालची नाही

कुणी म्हणेल, हे म्हणजे गरिबाचं गणित. अजिबात नाही. १७१० मध्ये जॉन अर्बथनॉट यांनी लंडनच्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या. दरवर्षी मुलगे मुलींपेक्षा जास्त. किती जास्त हे बाजूला ठेवून त्यांनी फक्त वर्षागणिक अधिक-उणे मोजलं आणि म्हणाले, हा योगायोग असू शकत नाही. १९४५ मध्ये फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक वापरायची रीत दिली. १९७९ मध्ये बाकिर आणि रेनॉल्ड्स यांनी अशा क्रमांकांवर प्रोसेस कंट्रोलची पद्धत बसवली. खुद्द वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या हँडबुकमधला 'सलग ८ टिंबं एका बाजूला' हा नियमही मुळात अधिक-उणे मोजण्याचाच आहे.

उलट बाजूही ऐका

माझ्या मताला चांगले आक्षेप आहेत. ते लपवून सल्ला देणं बरोबर नाही.

पहिला आक्षेप: डोनाल्ड व्हीलर यांच्यासारखे जाणकार सांगतात की शूहार्टच्या चार्टला बेल कर्व्ह लागतच नाही, ३ सिग्मा कुठल्याही आकड्यांवर पुरेसं काम करतं. त्यांचं म्हणणं वजनदार आहे. मोठ्या कारखान्यासाठी मी वाद घालणार नाही. पण दोन माणसांच्या युनिटमध्ये एका खोट्या घंटेने अख्खी सकाळ जाते. शिवाय सिग्मा काढायला बसलं की चार्टच बंद पडतो, हा अनुभव आहे. जो चार्ट रोज भरला जातो तोच चांगला.

दुसरा आक्षेप जास्त खरा: अधिक-उणे लिहिताना किती अधिक ही माहिती आपण फेकून देतो. आकडे खरोखर बेल कर्व्हचे असतील, तर सरासरीला १०० पाकिटांत जे कळतं ते अधिक-उण्याला कळायला १५७ लागतात. विल्कॉक्सनच्या क्रमांकांना १०५ पुरतात. आणि थोडा बिघाड लगेच पकडला जात नाही. समजा हात इतका सैल झाला की १० पैकी सरासरी ८ पाकिटं मध्याच्या वर जायला लागली. तरी त्या दिवशी १० चे १० येण्याची शक्यता फक्त ११ टक्के, ९ किंवा १० येण्याची ३८ टक्के. म्हणून तर दुसरा आणि तिसरा नियम ठेवलाय. आठवडाभरात तो बिघाड बहुधा सापडतो. सकाळ-संध्याकाळ दोनदा १० पाकिटं तोलली तर आणखी लवकर.

तिसरं: पसारा वाढला, म्हणजे अर्धी पाकिटं फार जड आणि अर्धी फार हलकी झाली, तरी अधिक ५ च राहणार. त्यावर उपाय आहे. त्याच ५१ वजनांतलं १३ वं आणि ३९ वं वजन घ्या. या दोघांमध्ये साधारण निम्मी पाकिटं पडायला हवीत. रोजच्या १० पैकी या मधल्या पट्ट्यात एकही आलं नाही किंवा एकच आलं, तर हात डळमळलाय असं समजा.

चौथं: ५१ पाकिटांचा मध्य हा अंदाज आहे. तो थोडा चुकला तर ५१२ चा हिशोबही थोडा हलतो. महिन्याभरात काही बिघडलं नसेल तर सगळी वजनं घेऊन मध्य पुन्हा काढा.

एक गोष्ट विसरू नका

कंट्रोल चार्टची मर्यादा आणि कायद्याची मर्यादा वेगळी. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे २०० ग्रॅमच्या पाकिटात ४.५ टक्के, म्हणजे ९ ग्रॅमपर्यंत तूट चालते. पण तपासलेल्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे १९१ च्या खालचं पाकीट चार्ट काहीही म्हणो, बाहेर जाता कामा नये. चार्ट सांगतो तुमचा हात बदललाय का. गिऱ्हाईकाला काय द्यायचं ते कायदा आणि तुमची जबान ठरवते.

मोठमोठ्या पट्ट्यांचे, बेल्टांचे क्वालिटी कोर्स आता घरगुती उद्योजकांनाही विकले जातात. शिका, शिकण्याला माझा विरोध नाही. पण क्रम चुकवू नका. आधी महिनाभर अधिक-उणे मोजा. टिंबं बोलायला लागली, 'किती अधिक?' असा प्रश्न तुम्हालाच पडायला लागला, की समजा आता विल्कॉक्सन आणि सिग्मा शिकायची वेळ आली. तोपर्यंत कुठल्याही कोर्सची फी भरण्याआधी एक चाळीस रुपयांची वही आणा.

उद्या सकाळी भरायला बसाल तेव्हा पहिली ५१ पाकिटं तोला. २६ वं वजन वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. महिनाभराची टिंबं जमली की कमेंटमध्ये सांगा, तुमचा हात कुठल्या बाजूला झुकतोय ते मिळून बघू.