जुन्याची रीत, नव्याची सवय

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण गोठ्यातील बैलांवरून पडली. तिचा प्रत्यय मात्र हल्ली शहरांतील सदनिकांमध्येही येतो. पूर्वी अंगणात बसणारा कुत्रा आता दिवाणखान्यात आला आहे आणि काही घरांत त्याच्या जोडीला दुसराही आला आहे. दुसरे पिल्लू आणताना पुष्कळदा असा विचार केलेला असतो की, पहिला एकटा पडतो, दारावर पंजे घासतो, दिवसभर भुंकतो. सोबत मिळाली म्हणजे शांत होईल. काही महिन्यांनी त्याच घरात एकाऐवजी दोघे भुंकू लागतात. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढतात आणि दोघांपैकी एकाला कोणाला तरी देऊन टाकण्याची भाषा सुरू होते. म्हणून कुत्रे एकमेकांच्या सवयी कशा उचलतात, हे पिल्लू घरी येण्यापूर्वीच समजून घेणे हिताचे ठरते.

यातील पहिला भाग निव्वळ देखादेखीचा असतो. एक भुंकला की दुसरा भुंकतो, एक धावला की दुसरा धावतो. खाण्याच्या बाबतीतही असेच घडते. 1949 साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत, एकेकटी जेवणारी पिल्ले इतरांच्या सोबतीत अधिक अन्न खातात असे दिसून आले. येथे नवीन काही शिकलेले नसते. जे करता येतेच, त्याला सोबतीने जोर चढतो इतकेच.

दुसरा भाग खऱ्या शिकण्याचा आहे. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डॅशहुंड जातीच्या पिल्लांना फीत ओढून खाऊची छोटी गाडी जवळ आणायची होती. ज्या पिल्लांनी आपल्या भावंडाला ही युक्ती करताना पाहिले होते, त्यांना ती फार लवकर साधली. दक्षिण आफ्रिकेत पोलीस सेवेसाठी वाढविलेल्या जर्मन शेफर्ड पिल्लांचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील काही पिल्लांना सहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत, प्रशिक्षित आई अमली पदार्थ हुंगून काढताना पाहू दिले गेले. पिल्लांना स्वतःला त्या काळात काहीही शिकविले नव्हते. तरीही सहा महिन्यांची झाल्यावर घेतलेल्या परीक्षेत, ज्यांनी आईचे काम पाहिले नव्हते अशा पिल्लांपेक्षा ती सरस ठरली. हे निष्कर्ष 1997 साली प्रसिद्ध झाले.

शिकण्यासाठी डोळ्यांनी पाहणेही दर वेळी आवश्यक नसते. 2007 सालच्या एका अभ्यासात काही कुत्र्यांना बेसिल किंवा थाइम या सुगंधी पाल्यांचा स्वाद दिलेले अन्न घातले गेले आणि नंतर त्यांची इतर कुत्र्यांशी गाठ घालून दिली. सोबत्याच्या तोंडाचा वास घेतलेल्या कुत्र्यांनी पुढे त्याच स्वादाचे अन्न पसंत केले. आवडनिवडदेखील अशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

परंतु प्रत्येक कुत्रा प्रत्येकाकडून सारखाच शिकतो असे नाही. हंगेरीतील संशोधकांनी एकापेक्षा अधिक कुत्रे असलेल्या घरांतील प्राण्यांची पाहणी केली. कुंपणाला वळसा घालून खाऊपर्यंत कसे पोहोचावे, हे दुसऱ्या कुत्र्याने करून दाखविले तेव्हा घरात दुय्यम स्थान असलेल्यांना त्याचा अधिक लाभ झाला. नव्याने आलेले पिल्लू बहुधा याच स्थानावर असते. साहजिकच जुना नव्याचे वळण घेण्यापेक्षा नवाच जुन्याचे वळण घेण्याची शक्यता अधिक असते.

वाईट सवयी चांगल्यांपेक्षा लवकर का पसरतात, याचे उत्तर मोबदल्याच्या हिशेबात सापडते. दारावरची घंटा वाजते, कुत्रा भुंकतो, सामान देऊन मुलगा निघून जातो. आपल्या भुंकण्यानेच तो गेला, अशी कुत्र्याची समजूत होते आणि मोबदला हातोहात चुकता होतो. कचऱ्याचा डबा उपडा केला तर खाद्य तेथल्या तेथे मिळते. याउलट घंटा वाजल्यावर स्वस्थ बसून राहण्यात कुत्र्याला आपोआप काही लाभत नाही. तो लाभ माणसाने द्यावा लागतो. तो वेळच्या वेळी दिला नाही, तर शांतपणा उधारीवर राहतो आणि भुंकणे रोखीने चालते. पिल्लू कोणता व्यवहार उचलेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

यावरून घरी पाळण्याजोगे काही नियम निघतात. पहिल्या कुत्र्याची खोड सुधारल्याशिवाय दुसरा आणू नये. सोबत हे त्या खोडीचे औषध नव्हे. पिल्लाची निवड करताना शक्य असल्यास त्याची आई पाहावी, कारण साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात त्याच्या स्वभावाचा पाया घातला जातो आणि त्यातील बराच काळ ते आईजवळ असते. माणसांना पाहून दचकणाऱ्या आईजवळ वाढलेले पिल्लू भीतीचा वारसा घेऊन येऊ शकते. दोघांची जेवणाची भांडी वेगळ्या जागी ठेवावीत. नव्याला दररोज थोडा वेळ एकट्याने फिरवावे आणि शिकवावे, म्हणजे तो केवळ जुन्याकडे न पाहता घरातील माणसांकडेही पाहू लागेल. घंटा वाजल्यावर जो गप्प राहिला, त्याला त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ मिळावा. ती जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीवर न सोडता सर्वांनी घ्यावी.

जुना कुत्रा शांत, माणसाळलेला आणि वेळ पाळणारा असेल, तर त्याच्याइतका चांगला गुरू पिल्लाला मिळणे कठीण. बाहेर कोठे जावे, जिन्यावर कसे थांबावे, पाहुणा आल्यावर कोठे बसावे, यांतील पुष्कळसे ते त्याच्या मागे मागे राहून उचलते. मात्र तो गुरू घडविण्याचे काम घरातील माणसांचे आहे आणि ते दुसरे पिल्लू दारात येण्यापूर्वीच झालेले असावे.