गाळून प्यालो, सोडलं काय?

आमच्या मंडळात मुलांच्या वाचनाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं. परवाही आलंच. "अक्का, गटाराच्या गोष्टी मुलांना कशाला? परीच्या सांगा की."

अहो, मी सांगत होते ती परीचीच गोष्ट! चार्ल्स किंग्जलेचं 'द वॉटर बेबीज', १८६३ सालचं. धुराडी झाडणारा पोरका टॉम नदीत पडतो, पाण्यातलं बाळ होतो आणि पोहत समुद्र गाठतो. त्यात एके ठिकाणी येतं, की माणसं जिथं गटारं शेताला न देता समुद्रात सोडतात, तिथं ही बाळं फिरकत नाहीत. किंग्जले पाद्री होता. १८४९च्या पटकीत लंडनच्या बर्मंडसी भागात लोक गटाराचंच पाणी पिताना त्यानं पाहिलं होतं. घाणीचं नाव घ्यायला तो लाजला नाही. आपण लाजतो.

शाळेत 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' आहे की, म्हणतात. आहे. जावेच्या नातवानं ते पाठ करून पैकीच्या पैकी मार्क मिळवले, आणि त्याच संध्याकाळी वेदगंगेच्या पुलावरून वेफर्सची पिशवी खाली भिरकावली. टॉमची गोष्ट ऐकल्यावर मात्र त्यानं विचारलं, "आज्जी, आपल्या नदीत येतील का ती बाळं?"

पाठशाळेत आपण थेंबातले जीव शिकवतो. माझ्या सासूबाई गाळण्यातले जीव हलक्या हातानं त्याच विहिरीत परत सोडायच्या. आणि आपल्या मोरीचं साबणपाणी? ते ओढ्यात, ओढा नदीत. तिथल्या जिवांचं पाप कुणाच्या नावावर? शिवाय गाळण्यानं किडे अडतात, काविळीचा विषाणू अडत नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा नुसतं गाळून भागण्यासारखं नव्हतंच.

एक मात्र कबूल करते. टॉम बुडतो आणि सुखी होतो, हे नदीकाठच्या सहा वर्षांच्या पोराला तसंच सांगणं धोक्याचं. तिथं मी पुस्तक मिटते. सांगते, बाळा, माणसाला पाण्यात श्वास घेता येत नाही. वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडतं. (त्याची लांबलचक प्रवचनंही मी गाळते, तेवढं गाळणं मला येतं.)

रविवारी मुलांना घेऊन पुलावर वाचणार आहे. हरकत असलेल्या आयांनीही यावं. नाकाला पदर लावला तरी चालेल.