मीठ आधी लावा

न्यू जर्सीतल्या माझ्या पहिल्या चार जुलैच्या सहलीला मी कोलस्लॉ केलं होतं. कोबी, गाजर, मेयोनीज कालवून सकाळीच डबा भरला. पार्कात पानं मांडेपर्यंत तळाशी बोटभर पांढुरकं पाणी साचलं होतं आणि वर मलूल कोबी. दुकानातल्या डब्यांतही हेच असतं, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. डच लोकांबरोबर अमेरिकेत आलेला हा पदार्थ. कोल म्हणजे कोबी, स्ला म्हणजे सॅलड. ज्याच्या नावातच कोबी आहे, त्यात कोबीचीच ही दशा का व्हावी?

उत्तर शेजारच्या आजींनी दिलं: मीठ आधी. माझा हात अडला. आपल्याकडे कोशिंबिरीला मीठ ऐनवेळी लावतात, पाणी सुटू नये म्हणून. पण कोशिंबीर कालवली की लगेच पानात पडते. कोलस्लॉ चार-चार तास मुरतं. कोबीतलं पाणी कधीतरी सुटणारच, मग ते मेयोनीजमध्ये कशाला, आधीच चाळणीत सुटू दे.

अर्धा किलो कोबी मी विळीवरच चिरते, दाभणासारखा बारीक. पिशवीतला चिरलेला कोबी आणू नका, त्याच्या कडा सुकलेल्या असतात. चहाचा चमचाभर मीठ चोळून चाळणीत तासभर ठेवायचा. मग मूठमूठ घेऊन घट्ट पिळायचा. आधी कडक असलेली चिरी आता बोटाभोवती गुंडाळता येते, पण चावली की करकरते. चाखून बघा, खारट लागली तर एकदा धुऊन पुन्हा पिळा.

एवढं केलं की अर्धी वाटी मेयोनीज पुरे. पाणी नसल्यामुळे ते कोबीला धरून राहतं, दाटपणासाठी जास्त ओतावं लागत नाही. त्यात मोठा चमचा सायडर व्हिनेगर, छोटा चमचा साखर, किसलेलं गाजर, मिरपूड आणि चिमूटभर सेलरीचं बी. हे बी सोडू नका, कोलस्लॉचा खरा वास त्याचाच.

घरी जेवायचं असेल तर मेयोनीजही मी घरीच घोटते: एका अंड्याचा बलक आणि थेंबथेंब तेल. घाई केली की फुटतं. उन्हातल्या सहलीला मात्र कच्चं अंडं नको, तिथे बाटलीतलंच बरं.

यंदाच्या सहलीत डबा दुपारी दोनला उघडला. मुलाने पावात भरून खाल्लं. पाव कोरडाच राहिला.