"नंतर आय७ बसवून घेऊ!"

नवीन ऍडमिशन झाल्या की हॉस्टेलच्या व्हरांड्यात एक सल्ला फुकट मिळतो. "आता आय३ घेऊन टाक बे, नंतर आय७ बसवून घेऊ!" हा सल्ला मी ऐकला, पाळला आणि बाबांच्या कापसाच्या चुकाऱ्यातले साडेचार हजार त्यात घातले. म्हणून चार शब्द लिहितोय.

माझ्याकडे चुलतभावाचा २०११ सालचा लॅपटॉप. आत कोअर आय५-२४१०एम आणि एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड. प्रोजेक्टचं थ्रीडी मॉडेल फिरवलं की स्क्रीन अडकायची. सीनियर म्हणाले, प्रोसेसर कमी पडते. नागपूरला सीताबर्डीवरून जुना आय७-२६३०क्यूएम आणला. सॉकेट तोच, त्यामुळे बसला, सुरूही झाला! पण मॉडेल होतं तसंच अडकत होतं. वरून दहा मिनिटांत लॅपटॉप तापून बंद. जुना प्रोसेसर ३५ वॅटचा, हा ४५ चा. माझ्या मशीनचा पंखा काही त्या हिशोबाचा नव्हता, आणि त्यात देवळीचा एप्रिल!

सबमिशनला चार दिवस राहिलेले. लॅबमधल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "सॉफ्टवेअर कोणत्या ग्राफिक्सवर चालू आहे?" मी गप्प. सगळं काम प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स करत होतं, कार्ड झोपलेलं. एनव्हिडियाने २०१० मध्ये आणलेल्या ऑप्टिमसमध्ये हे असंच चालतं. बॅटरी वाचावी म्हणून स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते. जड काम आलं तरच कार्ड जागं होतं आणि तयार चित्र त्याच्याकडे सोपवतं. पण काम जड आहे हे ड्रायव्हरला कळलं नाही, तर बसा बोंबलत. सरांनी कंट्रोल पॅनेलमध्ये त्या एका सॉफ्टवेअरपुरतं कार्ड ठरवून दिलं. दोन मिनिटं लागली, खर्च शून्य. नवीन पेस्ट लावून जुना आय५ परत बसवला. (विंडोज १० आणि ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्येच ही सोय आहे. बघा तरी एकदा.)

ज्युनियर्सना सांगायचं ते असं की इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१३-१४ पर्यंत, सॉकेटवाले लॅपटॉप मिळत. पाचव्या पिढीपासून, एखादा अपवाद सोडला तर, प्रोसेसर बोर्डवर पक्का डाखलेलाच येतो. 'नंतर' हा प्रकारच उरला नाही! जे घ्यायचं ते दुकानातच ठरवा. आणि सी, जावा किंवा साध्या टूडी ड्रॉईंगसाठी वेगळं कार्ड लागतच नाही, कोणी काहीही सांगो. असलंच तर लाईट गेल्यावर ते झोपलेलं बरं, बॅटरी तेवढीच पुरते.

माझा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. चार वर्षांत आपण प्रोसेसरची ब्लॉक डायग्राम कितीदा काढली? आणि लॅपटॉप उघडून कितीदा बघितला? एकदाही नाही. डिपार्टमेंटने भंगारातले दोन लॅपटॉप लॅबमध्ये ठेवावेत आणि एका शनिवारी फर्स्ट इयरला ते खोलू द्यावेत. सरांना बोललोय, ते 'बघू' म्हणाले.

तो आय७ अजून माझ्या कपाटात आहे. कोणाला पाहिजे असेल तर निम्म्या किमतीत देतो, पण आधी तुमचा सॉकेट आणि पंखा दाखवा.