न लिहिलेल्या नियमाचा दंड

खेळाडूंच्या वेतनावर होणाऱ्या खर्चाला काही धरबंध असावा, हे तत्त्व व्यावसायिक फुटबॉलच्या जगात आता बहुतेकांनी मान्य केले आहे. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगने १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला कमाल मर्यादा घातली. युरोपच्या फुटबॉल महासंघाने २०२२ साली नवे नियम केले. आपल्या स्पर्धांत उतरणाऱ्या संघांनी वेतन, खेळाडूंच्या खरेदीचा वार्षिक बोजा आणि मध्यस्थांचे मानधन मिळून होणारा खर्च टप्प्याटप्प्याने उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत आणावा, असे बंधन त्यांवर घातले. आपल्याकडे आयपीएलच्या २०२५ सालच्या हंगामासाठी प्रत्येक संघाच्या थैलीचे तोंड १२० कोटी रुपयांवर बांधलेले होते. धनवान संघाने पैशाच्या जोरावर सारे चांगले खेळाडू गोळा केले तर सामन्यात चुरस उरत नाही आणि चुरस संपली की प्रेक्षकही उरत नाही, हे उघड आहे. तेव्हा वाद मर्यादेविषयी नाही. मर्यादा मोडणारास शिक्षा कोणी करावी, केव्हा करावी आणि कशाच्या आधारावर करावी, हा खरा वाद आहे. त्याचा निवाडा करताना २०१२ साली अमेरिकेत घडलेले प्रकरण विसरून चालणार नाही.

हे अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. परंतु प्रश्न कोणत्याही खेळास लागू पडावा असा आहे. लीगचे ३२ संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात २००६ साली करार झाला. मालकांनी तो मुदतीपूर्वी मोडला तर अखेरचे वर्ष वेतनमर्यादेवाचून जाईल, अशी तरतूद त्यात होती. मालकांनी २००८ साली करारातून अंग काढून घेतले आणि त्याप्रमाणे २०१० चे वर्ष अमर्याद ठरले. त्या वर्षी वॉशिंग्टनच्या संघाने अल्बर्ट हेन्सवर्थ आणि डीअँजेलो हॉल या दोन खेळाडूंच्या करारांतील पुढील वर्षांचा बोजा २०१० मध्येच ओढून घेतला. डॅलसच्या संघाने माइल्स ऑस्टिन यांना त्या एका वर्षापुरते सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर मूळ वेतन दिले. हे करार लीगच्या कार्यालयात गेले आणि लीगने ते मंजूर केले.

मार्च २०१२ मध्ये, नव्या खेळाडूंशी बोलणी सुरू होण्यास एक दिवस उरला असताना, लीगने शिक्षा जाहीर केली. दोन वर्षांच्या वेतनमर्यादेतून वॉशिंग्टनचे ३ कोटी ६० लाख डॉलर आणि डॅलसचा १ कोटी डॉलर कापण्यात आला. हा रोख दंड नव्हता. तेवढ्या रकमेचे खेळाडू घेण्याची मुभा त्यांच्याकडून काढून घेण्यात आली आणि ती २८ अन्य संघांना प्रत्येकी सुमारे १६ लाख डॉलरप्रमाणे वाटून देण्यात आली. म्हणजे ज्यांच्याशी मैदानावर झुंजावयाचे, त्यांच्याच पदरात दंड पडला.

लीगची बाजू सर्वथा पोकळ होती असे आम्ही म्हणत नाही. एका वर्षाच्या मोकळीकीचा लाभ घेऊन पुढील वर्षांचा भार आधीच उतरवून ठेवला, तर मर्यादा पुन्हा सुरू होईल तेव्हा असा संघ इतरांच्या पुढे राहणार, हे खरे. असे करू नका, अशी सूचना संघांना वेळोवेळी दिली होती, असेही लीगचे म्हणणे होते. नियमाच्या शब्दाबरोबर त्याचा हेतूही पाळावा, हा उपदेश थोर आहे. परंतु उपदेश आणि कायदा यांत अंतर आहे. ज्या वर्षी लेखी मर्यादा नव्हती, त्या वर्षी ती ओलांडली कशी, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या उपदेशात मिळत नाही. करार आक्षेपार्ह होते तर ते नामंजूर करता आले असते. आधी मंजुरीची मोहोर उठवावयाची आणि दोन वर्षांनी त्याच कागदावरून अपराध ठरवावयाचा, हे न्यायाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. परीक्षा होऊन गेल्यावर फळ्यावर नियम लिहिणाऱ्या शिक्षकाला आपण शिस्तप्रिय म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २०१० साली कमाल मर्यादा नव्हती, तशी किमान खर्चाची अटही नव्हती. त्या सवलतीचा लाभ घेऊन काही संघांनी हात चांगलाच आखडता घेतला. समतोलाचीच चाड असती, तर त्यांनाही जाब विचारला गेला असता. तो कोणी विचारला नाही. जास्त वेतन देणारा तेवढा अपराधी ठरला आणि कमी देणारा शहाणा.

शिक्षा कोणी केली, हेही पाहिले पाहिजे. मालकांच्या वतीने श्रमविषयक वाटाघाटी पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष जॉन मारा हे न्यूयॉर्क जायंट्स या संघाचे मालक होते आणि त्यांनी या दंडाचे उघड समर्थन केले. जायंट्स, वॉशिंग्टन आणि डॅलस हे तिन्ही संघ एकाच गटात खेळतात. मारा यांच्या सचोटीवर शिंतोडा उडविण्याचे कारण नाही. तथापि प्रतिस्पर्ध्याने प्रतिस्पर्ध्याचा न्याय करू नये, हा नियम अप्रामाणिक माणसांसाठीच केलेला नसतो, प्रामाणिक माणसांसाठीही असतो. पुढे मालकांच्या सभेत २९ विरुद्ध २ मतांनी या दंडावर शिक्कामोर्तब झाले. पंचांमुखी परमेश्वर बोलतो असे आपण म्हणतो. पण दंडातला वाटा पंचांच्याच पदरात पडणार असेल, तर त्या मुखातून परमेश्वर बोलतो की स्वार्थ, हे कोणी सांगावे?

सर्वांत खेदजनक भूमिका ठरली ती खेळाडूंच्या संघटनेची. २०१२ ची वेतनमर्यादा खाली घसरू नये म्हणून संघटनेने या कपातीला संमती दिली आणि मर्यादा १२ कोटी ६ लाख डॉलरवर राखून घेतली. त्याच संमतीमुळे दोन संघांचे लवादापुढील गाऱ्हाणे फोल ठरले. कायद्याचे प्राध्यापक स्टीफन बर्बँक यांनी मे २०१२ मध्ये ते फेटाळले. त्यानंतर लगेचच संघटना न्यायालयात गेली. अमर्याद म्हटल्या गेलेल्या वर्षात मालकांनी आपसांत १२ कोटी ३० लाख डॉलरची गुप्त मर्यादा ठरवून वेतने दाबून ठेवली, असा तिचा आरोप होता. आरोप खरा की खोटा, यावर साक्षीपुरावा होण्याची वेळच आली नाही. पूर्वीचे दावे २०११ च्या समझोत्यात मिटले आहेत, या कारणावरून न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी २०१२ च्या अखेरीस दावा फेटाळला. २०१४ साली वरिष्ठ न्यायालयाने तो पुन्हा उघडण्यासाठी प्रयत्न करण्याची वाट मोकळी केली खरी. पण तोवर दंडाची दोन्ही वर्षे उलटून गेली होती.

या प्रकरणाचे मर्म आमच्या मते येथेच आहे. जास्त वेतन दिल्याबद्दल शिक्षा करावयाची, तर जास्त वेतन न देण्याचा काही संकेत ठरलेला होता असे मानावे लागते. तसा संकेत ठरला नसेल, तर दंड निराधार ठरतो. ठरला असेल, तर ज्यांच्या कष्टाचे मोल ठरावयाचे त्यांना अंधारात ठेवून तो ठरला, असे होते. या दोन शिंगांतून सुटण्याची वाट लीगला दाखविता आलेली नाही. दंड सोसूनही वॉशिंग्टनने २०१२ साली आपला गट जिंकला, म्हणून नुकसान झाले नाही असे कोणी म्हणेल. पण अन्यायाचे माप गुणतक्त्यावर घेतले जात नाही.

याच लीगने पूर्वी रीतीने शिक्षा केलेल्या आहेत, हे नमूद करणे न्याय्य होईल. डेन्व्हरच्या संघाने १९९६ ते १९९८ या काळात लेखी मर्यादेला बगल देणारे व्यवहार केले. त्याबद्दल २००१ आणि २००४ साली त्याला प्रत्येक वेळी साडेनऊ लाख डॉलरच्या घरातील दंड झाला आणि नव्या खेळाडूंच्या निवडीतील तिसऱ्या फेरीची पाळी गमवावी लागली. इंग्लंडमधील एव्हर्टन संघाचे प्रकरण वेतनापुरते नव्हते, एकंदर तोट्याचे होते. तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंतच तोट्याची मुभा असताना हिशेब १ कोटी ९५ लाख पौंडांनी पुढे गेला, म्हणून स्वतंत्र आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे १० गुण कापले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपिलात आयोगाच्या निर्णयातील दोन कायदेशीर चुका दाखविल्या गेल्या आणि शिक्षा ६ गुणांवर आली. एव्हर्टनच्या चाहत्यांचे समाधान झाले नाही. पण नियम कोणता, तो किती मोडला, निर्णय कोणी दिला आणि चूक कोठे झाली, हे कोणासही वाचून पाहता आले. शिक्षेला प्रतिष्ठा येते ती अशी. केवळ कठोरपणाने ती येत नाही.

वेतनमर्यादा टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांनी म्हणूनच तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. नियम आधी लिहिलेला असावा. मंजूर केलेला करार मागाहून अपराध ठरू नये. आणि शिक्षा करणाऱ्याचा त्या शिक्षेत कवडीचाही लाभ नसावा. यात श्रीमंत संघांची कड घेण्याचा प्रश्न नाही. वॉशिंग्टन आणि डॅलस यांचे मालक कोट्यधीश आहेत. त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्याची आवश्यकता नाही. परंतु कायदा मोडून श्रीमंताला नमविता येते असे एकदा ठरले, की पुढचा बळी गरीब ठरतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. वेतनमर्यादेचे कुंपण घातले ते दुबळ्या संघांच्या रक्षणासाठी. कुंपणानेच शेत खाण्यास आरंभ केला, तर दाद मागावयाची ती कोणाकडे?