संकल्प उदंड, उद्यापन कुठे?

हाती घेतलेली कामे मांडून ठेवण्यास आणि पार पाडण्यास माणसाने काही पद्धती ठेवावी की नाही, हा वाद अलीकडे घरोघरी ऐकू येतो. बेळगावच्या वेशीवरील हिंडलग्यासारख्या गावातही तरुण मंडळींच्या मोबाइलमध्ये कामांच्या याद्या, रंगीत खुणा आणि घंटा वाजवून आठवण देणारी अ‍ॅप शिरली आहेत. आणि वडीलधारी मंडळी 'हे पाश्चात्त्यांचे खूळ' म्हणून नाक मुरडीत आहेत. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकले आहेत. वडिलांना आपल्याच घरची ठेव आठवत नाही, आणि मुलांना यादी व काम यांतील भेद उमगलेला नाही.

प्रथम वडिलांचा आक्षेप घेऊ. पद्धती परकी कशी? आपल्या पूर्वजांची मोडी दप्तरे पाहावीत. रोजच्या घडामोडीची रोजकीर्द आणि तीवरून बाबवार उतरविलेली खतावणी यांवाचून पेशवाईतील कारभार एक दिवस चालला नसता. समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात पहाटेपासूनचा दिवस कसा घालवावा हे सांगितले आणि एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेने केला. अध्यात्माच्या ग्रंथात टाकबोरूची निगा सांगणाऱ्या पुरुषास व्यवस्थेचे महत्त्व कळत नव्हते काय?

आणि पूजेस बसल्यावर आपण जो संकल्प उच्चारतो त्याकडे तरी लक्ष द्यावे. संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार हा काळ झाला. अमुक नदीच्या अमुक तीरी हा देश झाला. गोत्र व नाव हा कर्ता. आणि 'अमुक कर्म करिष्ये' हे कर्म. केव्हा, कोठे, कोणी, काय, या चारही गोष्टींचा उच्चार झाल्यावाचून उदक सोडता येत नाही. इतकी चोख नोंद करणारी दुसरी यादी आम्हांस ठाऊक नाही. तीच मंडळी देव्हाऱ्यापुढून उठली की मराठीत 'बघू या' आणि कोंकणीत 'फाल्यां पळोवया' म्हणून मोकळी होतात, यास काय म्हणावे?

कोणी म्हणतात, दिवस असा बांधून घेणे म्हणजे हिंडलग्याच्या कारागृहात जाऊन राहणेच होय. हा युक्तिवाद ऐकावयास चटकदार, परंतु पोकळ आहे. तुरुंगातील घंटा दुसऱ्याच्या हुकमाने वाजते. आपण नेमलेली वेळ आपली असते. 1916 च्या एप्रिलात जे लोकमान्य बेळगावात होमरूल लीगची स्थापना करण्यास आले, त्यांनी त्यापूर्वी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात काही महिन्यांत 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून पुरे केले होते. घंटा सरकारची होती, परंतु त्या दिवसांचा उपयोग त्यांनी स्वतः ठरविला. उलट, ज्याचा दिवस त्याने स्वतः नेमलेला नाही, त्याचा दिवस दारी येणारा प्रत्येक जण नेमतो. स्वातंत्र्य ते हेच काय?

आता मुलांकडे वळू. यांच्या यादीत शंभर कामे आहेत आणि ती रोज सुबकपणे उद्यावर ढकलली जातात. महिन्याकाठी अ‍ॅप बदलते. कामे तीच राहतात. डेव्हिड अ‍ॅलन या अमेरिकन लेखकाच्या 2001 सालच्या ज्या पुस्तकाचा ही मंडळी दाखला देतात, त्यातही सांगणे एवढेच की, काम कोठे संपणार ते ठरवावे आणि त्याकरिता लगेच करावयाची पुढची कृती लिहावी. 'मृत्युपत्र करणे' हे लिहून ठेवले तर वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. 'शुक्रवारी सायंकाळी मिळकतींची यादी उतरविणे' हे लिहिले तर ते शुक्रवारी होते.

मृत्युपत्राचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. साध्या मृत्युपत्रास लागते काय? करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार. त्यास मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणीही सक्तीची नाही. तरीही हे काम राहून जाते, आणि मागाहून सख्खी भावंडे न्यायालयाच्या पायऱ्यांवर एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात. आजोबांच्या नावचा उतारा नातवापर्यंत तसाच येतो. वारसा नोंद कोणी करावयाची हे तीन पिढ्या ठरत नाही. कोणाचा द्वेष नव्हता, कपट नव्हते. केवळ 'करू या' होते. आळसाने मोडलेली घरे वैराने मोडलेल्या घरांहून थोडी आहेत, असे आम्हांस वाटत नाही.

यावर आमच्या धंद्यातील एक उपाय सुचवितो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17, नियम 1 मध्ये 2002 पासून अमलात आलेली तरतूद अशी की, दाव्याच्या सुनावणीत एका पक्षास तीनपेक्षा अधिक तहकुब्या मिळू नयेत. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अगदी अपरिहार्य प्रसंगापुरती सवलत मान्य केली, परंतु नियम उभाच राहिला. हाच नियम आपण स्वतःस लावावा. कोणतेही काम तीनदा पुढे ढकलले गेले की चौथ्या दिवशी निकाल द्यावा: ते करावे, किंवा 'हे मी करणार नाही' असे लिहून कायमचे खोडावे. खोडणे यात कमीपणा नाही. करीनही नाही आणि नाहीही म्हणणार नाही, ही खरी फसवणूक.

'तुमच्याच न्यायालयांत तारखांचा पाऊस पडतो त्याचे काय?' असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राने 2004 साली दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा आपल्याइतका कोण जाणतो? परंतु त्या दाव्याची तारीख आपल्या हाती नाही. उताऱ्यावरील नावाची आहे. म्हणून वहीत दोन पाने वेगळी ठेवावीत. एकावर दुसऱ्यांकडे अडकलेली कामे व त्यांची चौकशी करण्याचा दिवस. दुसऱ्यावर केवळ आपल्याच हातची. पहिल्या पानाचे गाऱ्हाणे सांगून दुसरे पान कोरे ठेवण्याची सवय आपल्या समाजास फार आहे.

अनंताचे व्रत 14 वर्षांचे, सोळा सोमवार 16 आठवड्यांचे; पण उद्यापन झाल्यावाचून व्रत पुरे झाले असे कोणी मानीत नाही. देवापुढे जो दंडक, तो प्रपंचात का नसावा? यंदा चातुर्मासाचा नेम धरताना नवे काही सोडू वा धरू नये. एखादे जुने, लाजविणारे, राहून गेलेले काम घ्यावे. ते संकल्पाच्या चारही अंगांसह वहीत लिहावे. आणि कार्तिकी एकादशीच्या आत त्याचे उद्यापन करावे. वही शाईची असो वा मोबाइलातील, त्याविषयी आमचा आग्रह नाही.