जोर इंजिनाचा, पकड टायरची

आमच्या कडोदऱ्यात बर्फ पडत नाही. पण येथून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 दिल्लीला पोचतो आणि तेथून पुढे मनाली. 2020 साली अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून लाहौलचा बर्फही हौशी मोटारवाल्यांच्या आवाक्यात आला. मात्र ‘गाडी दमदार असली की झाले’ ही समजूत मला पटत नाही.

स्पोर्ट्स कारचे गुणच बर्फावर दोष ठरतात. ती जमिनीलगत असते, बहुधा जोर मागच्या चाकांना आणि रुंद उन्हाळी टायरांचे रबर 7 अंशांखाली कडक होऊ लागते. अॅक्सिलरेटर अंमळ जोरात दाबला की गाडीची शेपटीच पुढे यायला पाहते! ताशी 50 किलोमीटर वेगात ब्रेक लावल्यावर कोरड्या डांबरावर सुमारे 14 मीटरांत थांबणारी गाडी गुळगुळीत बर्फावर शंभरएक मीटर जाते. तेथे अश्वशक्ती काय करणार?

मी वाणिज्य शाखेचा. मोटारीवर लाखो रुपये ओतणाऱ्याने हिवाळी टायरांचा खर्च उधळपट्टी मानावा, हा हिशेब मला जुळत नाही. पहिल्या पावसात तेल आणि धूळ कालवली जाऊन आमचा ट्रकांचा रस्ताही निसरडा होतो (कन्नडात घसरण्याला ‘जारु’ म्हणतात, शब्दही कसा सुळकन निसटतो!). तेव्हा आमचे दुचाकीस्वार मित्र पाहावेत. टायर झिजून तुळतुळीत, हॉर्न मात्र नवा कोरा!